पीईएमएफ थेरपी: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग असो की सुदामानगर, घरात कोणाचे गुडघे दुखायला लागले की महिन्याभरात कोणीतरी 'मॅग्नेटवाली मशीन' सुचवतंच. कधी शेजारी, कधी जावई, कधी मंगल कार्यालयात लागलेलं मोफत शिबिर. पीईएमएफ, म्हणजे मंद आणि थांबून-थांबून सोडलेल्या विद्युतचुंबकीय क्षेत्राची थेरपी, ही निव्वळ थाप नाही. पण शिबिरात सांगतात तेवढं तिच्या हातून होतही नाही. लोक प्रत्यक्षात जे विचारतात, त्याची उत्तरं इथं आहेत.

या मशीनमध्ये नेमकं काय असतं?

भिंतीच्या सॉकेटला लागणारा अडॅप्टर, बटणांचा कंट्रोल बॉक्स, आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल. ही कॉइल पट्ट्यात, गोल रिंगमध्ये किंवा मॅटमध्ये शिवलेली असते. बॉक्स कॉइलमधून ठरावीक वेगानं वीज सोडतो आणि थांबवतो. घरगुती उपकरणांत हा वेग बहुधा सेकंदाला १ ते १०० वेळा, म्हणजे १ ते १०० हर्ट्झ असतो. प्रत्येक वेळी कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र उठतं आणि मावळतं. हे क्षेत्र कापड, कातडी आणि हाड यांतून जवळजवळ न अडता आत जातं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहक पदार्थात वीज उत्पन्न होते हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं. आपलं शरीर क्षारयुक्त पाण्यानं भरलेलं असल्यामुळे तिथंही अगदी बारीक प्रवाह तयार होतात. सगळी थेरपी या प्रवाहांच्या भरवशावर उभी आहे.

'मंद' म्हणजे किती? डब्यावर गॉस, टेस्ला, हर्ट्झ असं काहीही लिहिलेलं असतं.

हर्ट्झ म्हणजे वेग, गॉस आणि टेस्ला म्हणजे ताकद. विक्रेते या दोन्हींची सरमिसळ करतात. १० चे ५० हर्ट्झ केले म्हणून क्षेत्राची ताकद पाचपट होत नाही.

ताकदीचं गणित सोपं आहे. १ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, १ मिलिटेस्ला म्हणजे १० गॉस आणि १ गॉस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४५ मायक्रोटेस्ला आहे. पूर्ण अंगाच्या मॅट साधारण काही दशक ते काही शे मायक्रोटेस्ला देतात, तर एका सांध्याला बांधायचे पट्टे अर्धा ते काही मिलिटेस्ला. फ्रिजवर चिकटवायचं चुंबकसुद्धा पृष्ठभागाशी ५ मिलिटेस्लाच्या आसपास असतं. एमआरआय १.५ किंवा ३ टेस्लाचा. इथल्या राजा रामण्णा या विज्ञान-संशोधन केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकात इलेक्ट्रॉनांना वळवणारी चुंबकं १.५ टेस्लाची आहेत. म्हणजे 'सुपर पॉवर' असं छापलेला घरगुती पट्टा त्यांच्या हजारांश भागातही कसाबसा पोहोचतो.

डब्यावर आकडा आहे पण एकक नाही, किंवा एकक आहे पण ते कॉइलपासून किती अंतरावर मोजलं ते नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पट्टा बांधला तरी काहीच जाणवत नाही. मशीन बंद आहे की काय?

जाणवायला नकोच. ५० हर्ट्झचं १ मिलिटेस्लाचं क्षेत्र गुडघ्याएवढ्या भागात मीटरमागे साधारण एक शतांश व्होल्ट इतकंच विद्युत क्षेत्र तयार करतं. हातापायाच्या नसा चाळवायला मीटरमागे किमान ४ ते ६ व्होल्ट लागतात. झटकन उठणाऱ्या स्पंदांमध्ये हा आकडा वाढतो, पण या वर्गातल्या उपकरणांत तो नसा जाग्या होतील इथवर येत नाही. 'झिणझिण्या आल्या म्हणजे काम करतंय' असं कोणी म्हणालं तर एक तर ती वेगळी मशीन आहे, नाही तर मनाचा खेळ. पट्टा कोमट लागणं म्हणजेही उपचार नव्हे, तारेच्या रोधामुळे झालेली ती उष्णता आहे.

मशीन खरंच चालू आहे का, हे मात्र तपासता येतं:

- फ्रिजचं एखादं छोटं चुंबक चिमटीत सैल धरून कॉइलच्या मधोमध न्या. मिलिटेस्लाच्या घरातलं क्षेत्र असेल तर स्पंदांच्या तालावर थरथर कळते. मॅटचं क्षेत्र कमी असल्यामुळे तिथं ती फार पुसट असते.
- मोबाइलमधलं चुंबकमापक अ‍ॅप 'काहीतरी आहे' एवढंच सांगतं. त्यातला संवेदक झटपट स्पंद पकडू शकत नाही, आणि काही मिलिटेस्लांनंतर त्याची मजलच संपते. फोन थेट कॉइलवर ठेवू नका, होकायंत्र बिघडतं.
- थोडी हौस असेल तर २ सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर बारीक इनॅमल तारेचे १०० वेढे घ्या आणि टोकं मल्टिमीटरच्या एसी मिलिव्होल्टला लावा. ५० हर्ट्झची गुळगुळीत लहर आणि १ मिलिटेस्ला शिखर असेल तर सुमारे ७ मिलिव्होल्ट दिसतात. १० हर्ट्झला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतके. साधे मीटर ४० हर्ट्झच्या खाली नीट मोजत नाहीत, म्हणून हा आकडा अंदाज समजा. स्वस्त पट्ट्यांत आतली कॉइल कुठं आहे हे शोधायला मात्र हे रीळ फार कामाचं आहे.

कोणत्या दुखण्यावर खरंच उपयोग होतो?

सगळ्यात जुना आणि सगळ्यात मान्य वापर हाडांसाठी आहे. १९५७ मध्ये फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी हाडावर ताण दिला की त्यात वीज उत्पन्न होते हे दाखवलं. त्या धाग्यावर पुढं न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट यांनी काम केलं, आणि १९७९ मध्ये न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००४ मध्ये मानेच्या मणक्यांच्या जोडशस्त्रक्रियेनंतर पूरक म्हणूनही मिळाली. ही उपकरणं डॉक्टर लिहून देतात, आणि ती मॉडेलनुसार रोज अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत, महिनोन्‌महिने लावावी लागतात. इथंही पुरावा एकमुखी नाही. लांब हाडांच्या अशा फ्रॅक्चरवरच्या चाचण्या लहान आहेत आणि एकत्र मोजल्यावर फरक ठामपणे सिद्ध झालेला नाही.

आपल्या घरांतला खरा प्रश्न झिजलेल्या गुडघ्यांचा. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१३ च्या आढाव्यात सांध्यांच्या झिजेवरच्या ९ चाचण्या आणि ६३६ रुग्ण धरले होते. खोट्या मशीनच्या तुलनेत खऱ्या मशीनवाल्यांचं दुखणं १०० पैकी सुमारे १५ गुणांनी जास्त उतरलं. पण चालणं-फिरणं आणि एकूण जगणं यात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं थोडं सुसह्य होऊ शकतं, झिजलेली कूर्चा परत उगवत नाही.

नैराश्यासाठी डोक्यावर जे चुंबकीय स्पंद देतात, ते टीएमएस. ते १.५ ते २ टेस्लाचं असतं, हजारपट ताकदीचं, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच देतात. त्याचे निष्कर्ष दाखवून घरची मॅट विकणं ही उघड फसवणूक आहे.

मधुमेह, ब्लडप्रेशर, लकवा, कॅन्सर?

नाही. भारतात १९५४ च्या औषध व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह, उच्च रक्तदाब, पक्षाघात, कॅन्सर, मोतीबिंदू, संधिवात यांसारखे आजार आहेत. ते बरे करण्याचा दावा जाहिरातीत करणं हाच गुन्हा आहे. शिबिरात असा कागद वाटला गेला तर तो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तोच पुरावा होतो.

ही थेरपी कोणी अजिबात घेऊ नये?

पेसमेकर किंवा बसवलेलं डिफिब्रिलेटर असलेल्यांनी मुळीच नाही. साधारण १ मिलिटेस्ला क्षेत्रातही पेसमेकर 'मॅग्नेट मोड'मध्ये जाऊन हृदयाचा स्वतःचा ठोका न बघता ठरलेल्या गतीनं चालू लागतो. कॉक्लियर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, मेंदूतलं पाणी काढणारा चुंबकानं जुळवायचा शंट आणि नसांना चेतवणारी बसवलेली उपकरणं यांनाही हेच लागू. घरात एक जण पट्टा लावून बसला असेल तर पेसमेकरवाल्यानं त्याच सोफ्यावर खेटून बसू नये, दोन-तीन हात लांब बसावं.

गर्भारपण, फेफरं, चालू रक्तस्राव, पायात नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, चालू असलेला कॅन्सर, वाढीच्या वयातली मुलं: इथं डॉक्टरांनी लेखी सांगितल्याशिवाय नको.

बदललेला गुडघा किंवा आतली प्लेट याबद्दल फार विचारलं जातं. टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोम यांना चुंबक ओढत नाही, आणि एवढ्या मंद क्षेत्रात ते तापतही नाहीत. तरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना एकदा विचारा, कारण दुखऱ्या कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्ग नाही ना हे आधी बघायचं असतं.

गुडघ्याला एक बैठक कशी घ्यायची?

१. मोबाइल, कानातलं मशीन, घड्याळ, एटीएम कार्ड हातभर लांब ठेवा.
२. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी खुर्चीत बसा आणि पाय स्टुलावर, गुडघा किंचित वाकलेला. लोखंडी खुर्ची टाळा, लोखंड क्षेत्र आपल्याकडे ओढून घेतं.
३. पातळ सुती कापडाचा एकच थर. जाड टॉवेल नको.
४. कॉइलचा मध्य दुखऱ्या जागेवर येऊ द्या. बहुतेक चुका इथं होतात: पट्टा गुडघ्यावर असतो, पण आतली कॉइल चार बोटं वर सरकलेली असते. दोन कॉइलचा पट्टा असेल तर एक आतल्या आणि एक बाहेरच्या बाजूला.
५. कंपनीच्या पुस्तिकेतला सांध्याचा कार्यक्रम लावा. पुस्तिका गप्प असेल तर १० ते ५० हर्ट्झ, २० ते ३० मिनिटं.
६. बैठकीआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ० ते १० मध्ये दुखणं लिहा. बैठक संपल्या संपल्या लिहू नका, अर्धा तास निवांत बसल्यानंच बरं वाटलेलं असतं.

आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे. त्याआधी निकाल लावायची घाई नको.

उपयोग झाला हे कसं ओळखायचं?

झिजेचं दुखणं आपोआप वर-खाली होतंच. थंडीत वाढतं, लग्नसराईत धावपळ झाली की वाढतं, मग उतरतं. माणूस मशीन नेमकी वाढलेल्या काळात आणतो, आणि उतार मशीनच्या खात्यावर जमा होतो. म्हणून दोन मोजमापं ठेवा: सकाळचं दुखणं, आणि हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला-बसायला लागणारे सेकंद. दुखणं किमान २ गुणांनी उतरलं नाही तर फरक पडला असं समजू नका.

मंद पीईएमएफची एक सोय अशी की ती जाणवत नाही, म्हणून घरीच झाकून परीक्षा घेता येते. बॉक्सच्या दिव्यावर आणि पडद्यावर काळी टेप लावा, आवाज बंद करा. दर आठवड्याला सूनबाईंनी किंवा नातवानं नाणं उडवून ठरवावं की या आठवड्यात मशीन चालू ठेवायची की नुसती बांधायची, आणि ते वहीत स्वतःपुरतं लिहावं. आठ आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवा. एका माणसावरची परीक्षा म्हणून तिला मर्यादा आहेत, आधीच्या आठवड्याचा परिणाम पुढंही रेंगाळू शकतो, पण कुठल्याही विक्रेत्याच्या अनुभवकथनापेक्षा ती भरवशाची.

मॅट गादीखाली घातली तर रात्रभर उपचार होईल ना?

पैसे वाया जातील. कॉइलपासून दूर गेलं की क्षेत्र फार झपाट्यानं पडतं. गोल कॉइलच्या मधोमध १०० धरलं, तर अक्षावर त्रिज्येइतक्या अंतरावर ३५ उरतं, दोन त्रिज्यांवर ९, तीन त्रिज्यांवर जेमतेम ३. मॅटमधल्या कॉइलची त्रिज्या बहुधा ५ सेंटिमीटरच्या आसपास असते. सहा इंची गादी म्हणजे तीन त्रिज्या. शिवाय पलंग लोखंडी पेटीचा असेल तर क्षेत्राचा आकारच बिघडतो. मॅट गादीवर, चादरीखाली घाला. कंबर नेमकी कॉइलवर येईल अशी खूण करून ठेवा.

याच कारणानं जाड मांडीतल्या खोल खुब्यापर्यंत छोटा पट्टा पोहोचत नाही. खुब्याला मोठी रिंग लागते.

चुंबकाचे पट्टे, बांगड्या, चुंबकीय पाणी?

स्थिर चुंबक बदलत नाही, त्यामुळे स्थिर बसलेल्या शरीरात वीज उत्पन्न करत नाही. दुखण्यावरच्या चाचण्यांचा एकत्रित विचार केल्यावर त्यांचा उपयोग दिसलेला नाही. चुंबकाशेजारी ठेवलेलं पाणी पाणीच राहतं.

हातात दांडी धरून मिनिटभरात चाळीस पानी अहवाल देणारी 'क्वांटम' मशीन?

तिचा पीईएमएफशी काही संबंध नाही. ती यकृत मोजत नाही, मूत्रपिंड मोजत नाही. तुम्ही सांगितलेलं वय, वजन, उंची घेऊन आकडे छापते. खात्री करायची असेल तर त्याच माणसाचं वय तीस वर्षांनी बदलून परत चाचणी करायला सांगा, किंवा दांडीला ओलं फडकं गुंडाळा. अहवाल तरीही येतो. इंदूरमध्ये रक्ताच्या साध्या तपासणीला जेवढे पैसे पडतात, त्यात यकृत आणि मूत्रपिंडाचं खरं उत्तर मिळतं.

७.८३ हर्ट्झ ही पृथ्वीची नैसर्गिक वारंवारता असते म्हणे. तीच लावायची का?

जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) यांच्यामधल्या पोकळीत विजांमुळे घुमणाऱ्या लहरींचं गणित विनफ्रीड शूमान यांनी १९५२ मध्ये मांडलं, आणि त्यांचा खालचा सूर ७.८३ हर्ट्झच्या आसपास आहे. इथवर खरं. पण त्या लहरींची ताकद सुमारे १ पिकोटेस्ला (मायक्रोटेस्लाचा दहा लाखावा भाग), आणि ५० मायक्रोटेस्लाची मॅट त्याच्या पाच कोटी पट. त्यात नैसर्गिक काय उरलं? बॉक्सवर ती वारंवारता असेल तर लावा, नसेल तर शोधत बसू नका.

रेडिएशनचा धोका?

ही क्षेत्रं एक्स-रेसारखी अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवणारी नाहीत. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रासाठी सामान्य लोकांकरता आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे. सांध्याचे पट्टे ती ओलांडतात, म्हणून ते उपचार म्हणून मोजून घ्यायचे असतात, दिवसभर अंगावर वागवायचे नसतात. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं अशा मंद वारंवारतेच्या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' या २बी गटात टाकलं. ते मुख्यतः लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या, घरात सतत असणाऱ्या क्षेत्राच्या पाहण्यांवरून. लहान मुलं झोपतात त्या पलंगावर मॅट चालू ठेवू नये, एवढी काळजी त्यातून घ्यावी.

फिजिओथेरपिस्टकडची टेन्स आणि ही एकच का?

नाही. टेन्समध्ये कातडीला चिकटवलेल्या पॅडमधून थेट प्रवाह जातो आणि तो जाणवतो. फिजिओथेरपिस्टकडचीच शॉर्टवेव्ह डायथर्मीही वेगळी, ती २७.१२ मेगाहर्ट्झवर खोलवर शेक देते.

मशीन घेतली तर व्यायाम आणि गोळ्या बंद करू का?

उलट आहे. गुडघ्याच्या झिजेत मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम आणि वजन उतरवणं याला पुरावा कितीतरी भक्कम आहे. बैठकीत पाय लांब करून मांडी घट्ट आवळायची, ५ सेकंद धरायची, सोडायची, दहा वेळा. हे पट्टा बांधलेला असतानाही जमतं. गोळ्या कमी करायच्या असतील तर डॉक्टरांना वही दाखवून करा.

आणि काही दुखणी मशीनपाशी थांबवायचीच नाहीत. सांधा लाल, गरम आणि ताप. रात्री झोपेतून उठवणारं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं. कारण नसताना घटणारं वजन. पडल्यावर पाय टेकता न येणं. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. शेवटचं तर त्याच दिवशी एमवाय किंवा जवळच्या रुग्णालयात दाखवायचं. चिकुनगुनियानंतरची सांधेदुखी आठवडे, कधी महिने टिकते आणि बहुधा हळूहळू उतरते. त्या उताराचं श्रेय मशीनला देऊ नका.

दवा बाजारातून घेताना काय बघू?

लेबलावर निर्मात्याचा पत्ता, मॉडेल, अनुक्रमांक आणि वैद्यकीय उपकरणाच्या उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली तो लागतो. 'एफडीए रजिस्टर्ड' म्हणजे कंपनीनं अमेरिकेत नाव नोंदवलं एवढंच, मान्यता मिळाली असं नाही. ताकद एककासह आणि अंतरासह लिहून मागा. पक्कं बिल घ्या. दुकानात चालवून कॉइलवर चुंबक धरून बघा. शक्य असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडे भाड्यानं किंवा बैठकींवर सहा आठवडे घ्या आणि वही बघून मग ठरवा.

मशीन वर्षभरात मंदावते ती का?

पहिलं कारण घडी. मॅट घडी करून कपाटात कोंबली की त्याच त्या ओळीवर तार तुटते. मॅट गुंडाळून ठेवा, घडी नको. प्लग काढून मल्टिमीटरनं कॉइलचा रोध बघा: काही ओहम आला तर तार शाबूत, अनंत आला तर तुटली. बॉक्सचा दिवा मात्र दोन्ही वेळा छान लुकलुकतो, त्यामुळे लोक महिनोन्‌महिने मेलेल्या पट्ट्यावर बसतात.

दुसरं, अडॅप्टर. १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पियरचा हरवला म्हणून राउटरचा १२ व्होल्ट १ अ‍ॅम्पियरचा लावला, तर व्होल्टेज बसतं आणि स्पंद खुजे होतात. पिनचे धन-ऋण उलटे असतील तर बॉक्स जळतो. नवा घेताना व्होल्ट तोच, अ‍ॅम्पियर तेवढा किंवा जास्त, पिनची खूण तीच आणि बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी.

उन्हाळ्यात घामानं पट्ट्याची शिवण कुजते आणि तारेला हिरवट गंज चढतो. कव्हर काढता येत असेल तर तेवढंच धुवा. वायर उंदरानं कुरतडली असेल तर सेलोटेप लावू नका, वायर बदला.

कोणाची जुनी मशीन मिळते आहे. घ्यावी का?

कॉइलचा रोध काही ओहम येत असेल, मूळ अडॅप्टर आणि पुस्तिका असेल, आणि चुंबक थरथरत असेल तर घ्यायला हरकत नाही. यात झिजणारं फार काही नसतं. पट्ट्याचं कापड बदलून घ्या. आणि आधीच्या मालकांना एवढं विचारा, की त्यांनी वापरणं का सोडलं.